मिरचीवरचा डाग आणि दगडातली बुरशी

नागपूरच्या कळमना बाजारात मिरचीची आवक वाढली की ढिगाजवळ उभं राहणं कठीण होतं. ठसका लागतो, डोळे चुरचुरतात. व्यापाऱ्याला त्याचं काही नसतं. तो मूठभर मिरच्या उचलतो, तळहातावर पसरतो आणि त्यातली एखादी बाजूला टाकतो. त्या मिरचीच्या लाल सालीवर खोलगट, फिकट डाग असतो आणि डागात काळ्या टिंबांची एकात एक वर्तुळं. शेतकरी याला फळकूज म्हणतात. रोग करणाऱ्या बुरशीचं शास्त्रीय नाव कोलेटोट्रिकम. त्यातलं एक काळं टिंब सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर ताठ काळे केस दिसतात आणि त्यांच्यामध्ये विळ्याच्या आकाराचे इवलेसे बीजाणू.

याच कुळातल्या बुरशीचे अवशेष चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुरा इथे सापडले आहेत, तेही डायनोसॉरच्या दगड झालेल्या शेणात. वय किमान ६.६ कोटी वर्षं.

हे ऐकल्यावर कोणीही दोन प्रश्न विचारतो. डायनोसॉरचं हाड टिकलं हे समजू शकतं, पण ज्याला हाड नाही, शिंपला नाही, जे बोटाने पुसलं तरी जातं, ते दगडात टिकलं कसं? आणि टिकलंच, तर ते बुरशीच आहे, दगडातली भेग किंवा डाग नाही, हे ठरवलं कशावरून? या प्रकरणात आपण या दोन प्रश्नांची उत्तरं क्रमाने शोधू.

१. मऊ जीव दगडात टिकतो कसा?

आवळ्याचा मुरंबा आठवा. आवळा पाकात मुरत जातो तसं त्यातलं पाणी बाहेर येतं आणि त्याची जागा पाक घेतो. फळाचा आकार, त्याच्या शिरा, फोडींच्या रेषा जागच्या जागी राहतात. नुसता उघड्यावर ठेवलेला आवळा आठवड्याभरात कुजला असता.

निसर्गात पाकाचं काम करणारा एक पदार्थ म्हणजे सिलिका. वाळूत आणि गारगोटीत असते तीच. पाण्यात विरघळलेली सिलिका कुजण्याआधीच पेशींमध्ये शिरली आणि तिथे घट्ट झाली, तर पेशीची भिंत जशीच्या तशी त्यात अडकून राहते. असा सिलिकेचा घट्ट, बारीक कणांचा दगड म्हणजे चर्ट. तो फोडला की काचेसारखी धार येते.

आपल्याकडे असा मुरंबा भरपूर झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे लोट एकामागून एक पसरत होते. दोन लोटांच्या मध्ये हजारो वर्षांची शांतता असे. त्या काळात थंड झालेल्या लाव्हावर तळी साचत, त्यात शेवाळ वाढे, काठावर ताड आणि नेचे उगवत. मग पुढचा लोट येऊन सगळं झाकून टाकी. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या या गाळाला भूवैज्ञानिक आंतरट्रॅपी थर म्हणतात. ज्वालामुखी खडकातून पाझरलेल्या सिलिकेमुळे त्यातले काही थर चर्ट झाले.

या थरांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं ते नागपूरमुळेच. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी नागपूरजवळच्या टाकळीला आंतरट्रॅपी थरांतून फळं, बिया, शंख गोळा केले आणि १८५५ साली नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर लंडनच्या नियतकालिकात लेख लिहिला. हिस्लॉप कॉलेजचं नाव याच हिस्लॉपवरून आलं. पुढे बिरबल साहनी यांनी छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावकलानच्या चर्टकडे लक्ष वेधलं. छिंदवाडा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच होतं. नागपूरच्या विज्ञान संस्थेशी दीर्घकाळ निगडित असलेल्या श्यामला चितळे यांनी त्याच चर्टमधल्या सूक्ष्म वनस्पतिसृष्टीवर १९५१ साली लेख प्रसिद्ध केला. त्या पुढे अमेरिकेत क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात गेल्या आणि तिथे त्यांनी पुरावनस्पतिशास्त्राचा विभाग उभा केला.

२. मग कळमन्यालाच का खोदू नये?

खोदता येईल, पण हाती काही लागणार नाही. नागपूर शहर दोन वेगळ्या जमिनींच्या सीमेवर वसलं आहे. पश्चिमेला सीताबर्डीच्या टेकडीसारखा काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा आहे. पूर्वेला, कळमन्याच्या बाजूला, लाव्हाचं आवरण संपतं आणि त्याहून कितीतरी जुने, ग्नाइससारखे खडक लागतात. हे खडक जमिनीत खोल गेले, तापले, दाबले गेले आणि त्यांचे खनिजकण नव्याने जुळले. मुरंबा करपवून पुन्हा दगडी खलात कुटला, तर आवळ्याच्या शिरा कुठे शोधणार?

तेव्हा पहिला नियम असा: सूक्ष्म जीवाश्म शोधायचा तर दगड पाण्यात तयार झालेला, बारीक कणांचा आणि फारसा न तापलेला हवा. कुठला दगड हातात घ्यायचा, हे ठरल्यावरच सूक्ष्मदर्शकाकडे वळायचं.

३. दगडाच्या आरपार कसं बघायचं?

दगड जाड आहे म्हणून अपारदर्शक दिसतो. पुरेसा पातळ केला की बहुतेक दगडांतून उजेड जातो. त्यासाठी हिऱ्याच्या करवतीने तुकडा कापतात, त्याची एक बाजू घासून गुळगुळीत करतात, ती काचपट्टीला चिकटवतात आणि मग दुसरी बाजू घासत नेतात, ०.०३ मिलिमीटर जाडी उरेपर्यंत. आपला केस साधारण याच्या दुप्पट जाड असतो. एवढी बारीक जाडी मोजायची कशी? त्यासाठी दगडातच मोजपट्टी असते. ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्झचे कण फिकट करडे-पांढरे दिसू लागले की चकती हव्या तेवढी पातळ झाली, असं कारागीर समजतो. कण पिवळे, लाल दिसत असतील तर अजून घासायचं.

थोडा हिशेब करू. एक सेंटिमीटर बाजूचा चर्टचा चौकोनी तुकडा घेतला. ०.०३ मिलिमीटरच्या चकत्या केल्या तर कागदावर ३३३ चकत्या व्हायला हव्यात. प्रत्यक्षात करवतीच्या पात्याने आणि घासण्याने बहुतेक दगडाची भुकटी होते. समजा पाच चकत्या मिळाल्या. त्यांची एकूण जाडी ०.१५ मिलिमीटर, म्हणजे मूळ तुकड्याचा दीड टक्का. बाजारात पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतात आणि त्यावरून सगळ्या पोत्याचा भाव ठरवतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणून 'या दगडात काही नाही' असं म्हणण्याआधी बऱ्याच चकत्या बघाव्या लागतात.

चकतीत बुरशीचा धागा दिसला तर पहिली परीक्षा बोटांनी होते. सूक्ष्मदर्शकाचं चक्र हळूहळू फिरवायचं. बुरशीचा धागा ०.००५ मिलिमीटर रुंद असला, तर ०.०३ मिलिमीटरच्या चकतीत तो वर, मध्ये किंवा खाली कुठेही असू शकतो. आधी वरचे खनिजकण स्पष्ट दिसले, मग धागा, मग खालचे कण, तर धागा दगडात बुडालेला आहे. धागा आणि चकतीचा वरचा पृष्ठभाग एकाच वेळी स्पष्ट होत असतील, तर तो दगडावर बसलेला आहे, कदाचित मागच्या पावसाळ्यात प्रयोगशाळेतच उगवलेला. सूक्ष्म जीवाश्मांच्या नावाखाली खपलेल्या कित्येक गोष्टी या साध्या परीक्षेत नापास होतात.

दगड वाया जाऊ नये म्हणून दुसरी युक्तीही आहे. लहानपणी बोटावर फेविकॉल वाळवून तो सोलून काढायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळला आहे. त्यावर बोटाच्या रेषा उमटतात. इथे दगडाचा घासलेला पृष्ठभाग थोडा वेळ आम्लात धरतात. सिलिका किंचित झिजते आणि पेशींच्या भिंती केसांसारख्या वर उभ्या राहतात. त्यावर अ‍ॅसिटोन ओतून सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पातळ कागद ठेवतात. कागदाची खालची बाजू अ‍ॅसिटोनने मऊ होते आणि पेशीभिंतींना धरते. वाळल्यावर कागद सोलला की रेषांच्या ठशाबरोबर भिंतीही निघून येतात. पुन्हा घासायचं, पुन्हा सोलायचं. एकाच बीच्या आतून अशी कापणी करत गेलं की तिचा आकार पानापानाने उलगडतो.

४. दगड विरघळवला तर?

कधी उलटा मार्ग धरतात: दगडच नाहीसा करायचा आणि जीव उरवायचा. चुनखडीचा भाग हायड्रोक्लोरिक आम्लात जातो. सिलिकेला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. हे आम्ल काचही खातं म्हणून ते प्लास्टिकच्या भांड्यात वापरतात. त्वचेतून आत शिरून ते हाडापर्यंत इजा करतं, त्यामुळे त्याचं काम फक्त तयारीच्या प्रयोगशाळेत, वाफ ओढून घेणाऱ्या कपाटातच होतं. दगड गेला की तळाशी काळसर गाळ उरतो. बीजाणू, परागकण आणि बुरशीच्या भिंती कार्बनी द्रव्याच्या असल्याने या आम्लांना दाद देत नाहीत.

पिसदुऱ्याच्या शेणखड्यांतून, म्हणजे दगड झालेल्या त्या शेणातून, अशा बुरश्या आर. के. कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'करंट सायन्स'मध्ये मांडल्या. त्यांत पानांवर रोग करणाऱ्या बुरश्या होत्या, कोलेटोट्रिकमसुद्धा. तर्क सरळ आहे: पानावरची बुरशी पोटात गेली, म्हणजे पान पोटात गेलं. बुरशीने डायनोसॉरचं जेवण सांगितलं.

पुढच्याच वर्षी, २००५ साली, वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्याच पिसदुऱ्याच्या शेणखड्यांत गवताचा पुरावा दाखवला. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असं तोवर सगळीकडे शिकवलं जात होतं. पुरावा होता वनस्पतींच्या पेशींत तयार होणाऱ्या सिलिकेच्या कणांचा. ज्वारीचं पान ओढताना बोट कापतं ते पानात असलेल्या सिलिकेमुळे.

आता इथे थांबून विचार करा. बुरशी शोधणाऱ्याने हायड्रोफ्लोरिक आम्ल ओतलं, तर गवताचे हे सिलिकेचे कण विरघळून जातील आणि तो म्हणेल, 'गवत नाही.' सिलिका शोधणारा आधी कार्बनी द्रव्य जाळून किंवा धुऊन टाकतो, तेव्हा तो म्हणेल, 'बुरशी नाही.' दगड एकच, उत्तरं दोन. काय ओतलं हे सांगितल्याशिवाय 'काही सापडलं नाही' या वाक्याला अर्थ नसतो.

५. रंग लावून जिवाणू दिसत नाहीत का?

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत थुंकीच्या नमुन्याला रंग लावतात आणि क्षयाचे जिवाणू गुलाबी दिसतात. दगडालाही तसाच रंग लावून मोकळं का होऊ नये? कारण रंग जिवाला नव्हे, एखाद्या रसायनाला धरतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. त्यावरून साबण अल्कधर्मी आहे एवढंच कळतं, कपडा कोणाचा आहे ते नाही. दगडाच्या कामात तीन तऱ्हेचे रंग येतात आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो.

पहिला रंग खनिजाला विचारतो. अ‍ॅलिझरिन हा मूळचा मंजिष्ठेच्या जातीतल्या युरोपीय वनस्पतीच्या मुळांतला लाल रंग. त्याचा एक प्रकार सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालून चुनखडीच्या चकतीवर टाकला की मिनिटाभरात कॅल्साइट गुलाबी-लाल होतं आणि त्याच्यासारखंच दिसणारं डोलोमाइट कोरं राहतं. सोबत पोटॅशियम फेरिसायनाइड असेल तर लोह असलेलं कॅल्साइट जांभळट होतं.

याचा जीवाश्मांशी संबंध काय? समजा, जुन्या चुनखडीच्या चकतीत एक काळा धागा दिसला. रंग लावल्यावर सगळा दगड गुलाबी झाला, पण धागा ज्या पट्ट्यात आहे तो पट्टा जांभळा झाला आणि तो गुलाबी थरांना आडवा छेद देऊन जातो. म्हणजे ती नंतर भरलेली भेग. धागा खरा असला तरी तो त्या दगडाच्या वयाचा नाही. रंगाने जीव दाखवला नाही, पण त्याचा पत्ता तपासून दिला.

दुसरा रंग कार्बनी भिंतीला विचारतो. आम्लातून उरलेल्या गाळाला सॅफ्रानिन लावतात. हा तांबडा रंग बीजाणूंच्या भिंती घेतात आणि पारदर्शक कडा उठून दिसते. भिंत किती जुनी, किती तापलेली, यावर रंग कमीजास्त बसतो. एकाच काचपट्टीवर बाकीचे बीजाणू तपकिरी आणि एकच लालभडक दिसला, तर तो बाहेरून आलेला पाहुणा असण्याची शक्यता जास्त.

तिसरा रंग डीएनएला धरतो. अ‍ॅक्रिडीन ऑरेंजसारखे रंजक पेशीतल्या डीएनएला चिकटतात आणि विशिष्ट प्रकाशात चमकतात. सामान्य वाचकाला वाटेल, हाच तर हवा! पण आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांचा. आंतरट्रॅपी चर्ट त्याहून ३३ पट जुना. तेव्हा या चर्टमध्ये डीएनएचा रंग चमकला, तर जीवाश्म सापडला असं नाही, आजचा जीव घुसला आहे असं समजायचं. शिवाय काही खनिजं स्वतःहूनच चमकतात आणि चिकणमाती कुठलाही रंग शोषून घेते, हेही बघावं लागतं.

हाच रंग दुसरीकडे उपयोगी पडतो. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१६-१७ साली सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविहीर घेतली गेली. एवढ्या खोल खडकात आज जगणारे सूक्ष्मजीव शोधताना चमकणारी पेशी हीच बातमी असते. रंग तोच, पण प्रश्न बदलला की त्याच चमकेचा अर्थ उलटा होतो.

६. जाणकारही फसतात

पंजाबच्या सॉल्ट रेंजमधल्या मिठाच्या थरांचं वय हा १९४० च्या दशकातला मोठा वाद होता. बिरबल साहनी यांनी त्या थरांचे नमुने विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यात लाकडाचे आणि कीटकांचे बारीक तुकडे होते. सपुष्प वनस्पतींचं लाकूड! त्यावरून हे थर अलीकडचे, फार तर पाचसहा कोटी वर्षांचे, असं त्यांनी ठामपणे मांडलं. थरांचा क्रम पाहणारे भूवैज्ञानिक मात्र म्हणत होते की हे थर ५० कोटी वर्षांहूनही जुने आहेत. आज भूवैज्ञानिकांचंच म्हणणं मान्य आहे. मीठ पाण्यात विरघळतं, पुन्हा साचतं आणि भेगांमधून काहीही आत नेतं. साहनींचे तुकडे खरे होते, पण ते त्या थराचे नव्हते.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. १९९३ साली विल्यम शॉफ यांनी सुमारे ३४६ कोटी वर्षांच्या एपेक्स चर्टमधल्या काळ्या धाग्यांना जिवाणूंचे जीवाश्म म्हटलं. पाठ्यपुस्तकांत चित्रं आली. २००२ साली मार्टिन ब्रेझियर यांनी त्याच चकत्या पुन्हा पाहिल्या. चक्र फिरवून धाग्यांचा मागोवा घेतल्यावर काही धागे वेडेवाकडे फुटलेले दिसले, जणू वाढत्या स्फटिकांनी काजळी कडेला ढकलली होती. शिवाय तो चर्ट समुद्रतळाचा गाळ नसून गरम पाण्याच्या भेगेत भरलेला होता, असं त्यांनी दाखवलं.

शॉफ यांनी धागे कार्बनचे आहेत हे दाखवण्यासाठी रामन वर्णपटाचा आधार घेतला. चंद्रशेखर व्यंकट रामन १९१० च्या सुमारास काही काळ नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात अधिकारी होते. रामन परिणाम त्यांनी १९२८ साली शोधला आणि आज त्याच परिणामावर चालणारं यंत्र चकती न फोडता तिच्यातला कार्बन ओळखतं. पण काजळीसुद्धा कार्बनच असते. कार्बन आहे एवढ्यावरून जीव होता असं ठरत नाही. तो वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

७. मग खात्री कशी करायची?

एकट्या साक्षीदारावर निकाल देत नाहीत, तसंच इथेही आहे. दगड पाण्यातला आणि फार न तापलेला आहे का? धागा दगडात बुडालेला आहे का? रंगाच्या परीक्षेत तो मूळ थरात येतो का, नंतरच्या भेगेत? द्रव्य कार्बनी आहे का? आणि आकार जीवासारखा आहे का, म्हणजे सारख्या मापाच्या पेशी, मधल्या भिंती, फांदी फुटण्याची पद्धत? या सगळ्या उत्तरांचा मेळ बसला तरच अभ्यासक 'जीवाश्म' हा शब्द वापरतात. भारतात चित्रकूटच्या सुमारे १६० कोटी वर्षांच्या खडकातून लाल शैवालासारखे जीवाश्म २०१७ साली मांडले गेले, ते अशाच कसोटीने. खडकाचं वय आधी वेगळं मोजून घेतलं होतं आणि पेशींच्या आतली रचना क्ष-किरणांनी तिन्ही बाजूंनी पाहिली होती.

या सगळ्या परीक्षांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: दगड कुठून आला, कुठल्या थरातून, त्याच्यावर आणि खाली काय होतं. ती नोंद नसेल तर कुठलाही सूक्ष्मदर्शक आणि कुठलाही रंग उपयोगी पडत नाही. हिस्लॉपची टाकळी आज शहरात मिसळून गेली आहे. विदर्भात रोज कुठेतरी विहीर, रस्ता, इमारतीचा पाया खोदला जातो. काळ्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये काचेसारखा फुटणारा, शंख किंवा लाकडाच्या रेषा असलेला दगड तुम्हाला दिसला, तर तो घरी शोकेसमध्ये ठेवू नका. जागेचा आणि थराचा फोटो घ्या, खोली लिहून ठेवा आणि सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला कळवा.